मागून येणारी धूळ

गाडीच्या मागच्या भागात धूळ कशी शिरते हे केल्विन समजावून सांगायला लागला, तेव्हा नेरिडाच्या लक्षात आधी एवढंच आलं, की दोन वर्षांत तो पहिल्यांदाच सलग चार वाक्यं बोलतोय. पत्र्याच्या छपराखाली तो गाडीच्या पाठीमागे गुडघे टेकून बसला होता. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून असं बसायला डॉक्टरांनी बंदी केली होती, पण नेरिडाने तसं म्हटलं नाही. गाडीचं मागचं दार वर उघडलेलं होतं, मागची सीट पाडून सपाट केलेली होती, आणि केल्विन दाराच्या कडेच्या काळ्या रबरावरून ओल्या फडक्याने बोट फिरवत होता. फडकं लाल होत होतं. तो ते बादलीत पिळायचा आणि पुन्हा फिरवायचा.

"लोकांना वाटतं धूळ पुढून येते," तो म्हणाला. "पुढून नाही येत. गाडी पळते ना, तिच्या पाठीशी पोकळी होते. धूळ त्या पोकळीत घोळत राहते आणि फट दिसली की आत घुसते. आणि हॅचबॅकचं तर विचारूच नको. सगळी पाठ सपाट. ही गाडी धूळ खात नाही, पिते."

"मग?"

"मग आतली हवा सतत बाहेर ढकलत राहायची. पंखा तीनवर. बाहेरची हवा आत घ्यायची ती कळ उघडी. आणि खिडक्या बंद. बोटभरसुद्धा उघडायची नाही."

"उकडलं तर?"

"तर उकडू दे."

एवढं बोलून त्याने रबर कोरडं केलं आणि दाराच्या मधोमध असलेल्या कुलपाच्या भोकावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला. चाळीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. धूळ कुठून येते आणि कशी अडवायची याच्यावर तिथे त्याचं पोट होतं, आणि छातीही. नेरिडा दारात चहाचा मग धरून उभी होती. पलीकडे गावाच्या डोक्यावर खाणीच्या काळ्या मातीची टेकडी होती, आणि ऊन तिच्यावरून घसरून शेजाऱ्यांच्या कुंपणावर आलं होतं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिला वाटलं. नवरा बोलतोय. निदान बरं तरी वाटायला हवं. दाढ काढायच्या आधी हिरडीला सुई देतात आणि मग आपलाच गाल आपण बोटाने चाचपून बघतो, तसं तिने स्वतःला चाचपून बघितलं. गाल होता. बोट होतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

लग्नाचा ड्रेस आतल्या खोलीत, कपाटाच्या दारावर टांगलेला होता. उद्या तो घेऊन तिला मरिंडीला जायचं होतं. मरिंडी म्हणजे टीगनच्या वडिलांचं मेंढ्यांचं रान. गावापासून उत्तरेला तासभर डांबरी रस्ता, आणि मग त्याच्या दुप्पट मातीचा. शनिवारी तिथे, लोकर कातरायच्या शेडमध्ये, टीगनचं लग्न होतं. दोन वर्षांपूर्वी ते ब्रोडीशी व्हायचं होतं. ब्रोडी म्हणजे नेरिडाचा आणि केल्विनचा मुलगा. एकुलता एक.

टीगन सांगायला आली तो दिवस नेरिडाला नीट आठवत होता, कारण त्या दिवशी काहीच झालं नव्हतं. स्वयंपाकघरात ती कोबी किसत होती, चीजबरोबर कालवायला. टीगन मागच्या दाराने आली, नेहमीसारखी न ठोठावता, आणि खुर्चीवर न बसता खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "नेरिडा, गावातून कळायच्या आधी मीच सांगते," ती म्हणाली. "मी लग्न करतेय. लॅकीशी. लॅकी, तो बोअरवेलवाला." नेरिडाने किसणी खाली ठेवली. बाहेरच्या खोलीत केल्विनने टीव्हीचा आवाज बंद केला. फ्रिज घरघरत होता. आणि मग नेरिडाला स्वतःचाच आवाज ऐकू आला, अगदी रोजचा, बाजारात भाव विचारावा तसा: "ड्रेस कोण शिवतंय?"

टीगनने खुर्चीची पाठ सोडली. "अजून कोणी नाही."

"मग मी शिवते."

"नेरिडा, असं काही नको. मी त्यासाठी नाही आले गं."

"माहितेय. ब्रोडीच्या वेळी म्हटलं होतं ना मी, तुझा ड्रेस मी शिवणार म्हणून. तुझा म्हटलं होतं."

हे वाक्य कुठून आलं ते तिला कळलं नाही. टीगन रडायला लागली, आणि नेरिडाने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात ठेवताना तिला दिसलं की बोटांना कोबीचे तुकडे चिकटलेत. ते टीगनच्या निळ्या शर्टाला लागले. शर्ट सुती होता, साध्या धुण्यात निघेल, असं तिच्या मनात आलं. बस, एवढंच. केल्विन आला नाही. थोड्या वेळाने बाहेर टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मग तिने शिवला. हस्तिदंती रंगाचं जड, सुळसुळीत कापड, लांब बाह्या, पाठीवर कापडाने मढवलेल्या गुंड्यांची ओळ. शिवताना मात्र सगळं नीट चालायचं. हात आपापलं करत होते. सकाळी मशीनवर बसली की दुपार कधी झाली कळायचं नाही, आणि त्या दुपारींमध्ये ब्रोडी नव्हता, टीगन नव्हती, लॅकी नव्हता, फक्त काठ आणि सुई. गावातल्या बायका विचारायच्या. दुकानात एकीने तिचा दंडच धरला. "मला नसतं बाई जमलं. कसं करतेस गं?" नेरिडा म्हणाली, "तिरपं कापलेल्या कापडाला आधी रात्रभर टांगून ठेवावं लागतं." ती बाई दंड सोडून निघून गेली.

दुसऱ्या फिटिंगला तिने टीगनच्या कमरेभोवती टेप धरली आणि टेपने तिला सांगितलं. टीगन आरशात बघत होती. "ईस्टरच्या चॉकलेटांनी घात केला," ती घाईघाईने म्हणाली. "हो, ते होतंच," नेरिडा म्हणाली. चॉकलेटाने माणूस असा वाढत नाही, इतका समोरून, इतका वरून. तिला ते पंचेचाळीस वर्षं शिवून कळत होतं, आणि स्वतःच्या पोटावरूनही कळत होतं. टीगन गेल्यावर तिने कमरेच्या दोन्ही शिवणी उसवल्या आणि आत भरपूर माया ठेवून पुन्हा घातल्या. हे मूल आपलं काहीच लागणार नाही, असा विचार तिच्या मनात आला. तो रेडिओवरच्या हवामानासारखा आला आणि गेला. कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्याचं हवामान.

सकाळी निघायच्या वेळी केल्विनने सगळं स्वतःच्या हाताने केलं. गाडीत धुतलेली चादर अंथरली. ड्रेस चेनवाल्या कापडी पिशवीत होता. ती पिशवी त्याने झोपलेलं मूल उचलावं तशी दोन्ही हातांवर आणली आणि आडवी ठेवली. हँगरचा आकडा पिशवीच्या गळ्यातून बाहेर येत होता, तिथे त्याने रुमाल गुंडाळला. टॉवेल पाण्यात पिळून दाराच्या उंबऱ्यावर आतून दाबून बसवला. मग दार लावलं आणि बाहेरून, सगळ्या फटीवर, रुंद चिकटपट्टी लावत गेला. कोपऱ्यावर आला की अंगठ्याने दाबून हवा काढायचा. नेरिडा बघत राहिली. ब्रोडी गेला तेव्हा पोलिसांबरोबर तो मरिंडीच्या रस्त्याला गेला होता, त्या दिवसाची संध्याकाळ तिला आठवली. परत आल्यावर तो घरात आलाच नव्हता. अंगणात नळी लावून आपली यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, धूत राहिला होता, चाकं, चाकांच्या आतलं, खालून, वरून, पुन्हा चाकं. पाणी रस्त्यावर गेलं, गटारात गेलं. शेजारचा डग कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "केल्व, नळीने पाणी वापरायला बंदी आहे." आणि मग त्याला कोणीतरी आतून हाक मारली आणि कानात काही सांगितलं, आणि तो पुन्हा बाहेर आला आणि नुसताच उभा राहिला. तेव्हापासून केल्विन त्या रस्त्याला गेला नव्हता. नेरिडा तर कधीच नाही. शनिवारी मी लग्नाला येणार नाही, असं तो म्हणाला नव्हता. पण त्याचा सूट धोब्याकडे गेला नव्हता.

"मी टीगनच्या घरच्यांना म्हटलं असतं, तुम्हीच घेऊन जा म्हणून," तो पट्टीचा रीळ बोटात फिरवत म्हणाला.

"त्यांच्या यूटमध्ये कुत्री बसतात."

"तेही खरं." तो खिडकीपाशी वाकला. "पंखा."

"तीनवर."

"खिडकी."

"बंद, केल्व. बंद."

त्याने छपरावर दोनदा थाप मारली. ब्रोडी निघायचा तेव्हाही तो तशीच मारायचा. त्याला ते आठवलं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

डांबरी रस्त्यावर काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना करडी खारी झुडपं, मधूनच शेळ्या, समोरून येणाऱ्या गाडीवाल्याने स्टिअरिंगवरून नमस्कारासाठी उचललेलं एक बोट, आणि तिने उचललेलं एक. पंखा मोठ्याने घोंघावत होता. ती आरशात बघत होती, मागची पांढरी पिशवी, पिशवीची चेन, चादरीचा कोपरा. डांबर संपलं तिथे चाकांखालचा आवाज बदलला आणि आरशातली मागची काच एकदम तपकिरी झाली, कोणी पडदा ओढावा तशी. आता काचेतून काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त आतलं. तिने वेग कमी केला. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झाला होता आणि सगळी गाडी दातांसारखी कडकडत होती. प्रत्येक हादऱ्याला कुठली तरी पट्टी सुटत असेल. ती डोळे बारीक करून आरशात बघायची, चादरीवर काही सांडलंय का, हवेत काही तरंगतंय का. एकदा तिला वाटलं की एक लाल रेघ दिसली. तिने गाडी कडेला घेतली, मागे वळून सीटवरून हात लांबवून चादरीवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. ती पुन्हा निघाली. पुन्हा थांबली. पुन्हा बोट स्वच्छ.

लहानपणी ब्रोडीला दमा होता. त्याच्या खोलीत ती दिवसातून तीनदा पुसायची, खिडकीच्या चौकटी, खेळण्यातली गाडी, त्या गाडीच्या आतलं. वाऱ्याचे दिवस आले की सगळं गाव लाल व्हायचं आणि त्याच्या खोलीत ती दाराखाली ओला टॉवेल कोंबायची. डॉक्टर म्हणाले होते, मोठा झाला की जाईल. गेला दमा. अठराव्या वर्षी त्याने फुटबॉल खेळायला सुरुवात केली आणि इतका धावला की केल्विन मैदानाच्या कडेला उभा राहून हसत सुटला होता, एकटाच, टोपी हातात घेऊन. आपण इतकी वर्षं हेच करत आलोय, नेरिडाच्या मनात आलं. धूळ आत येऊ द्यायची नाही. पण त्या विचाराला वजन नव्हतं. तो आला आणि पंख्याच्या आवाजात मिसळून गेला.

जनावरं अडवायची लोखंडी जाळी चाकांखाली धडधडली आणि पलीकडे पाटी दिसली, गोळ्यांनी भोकं पडलेली: मरिंडी, आणि खाली बाण. मरिंडीचं वळण. म्हणजे अपघाताची ती जागा मागे गेली. पोलीस म्हणाले होते, पाटीच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, थोड्या अंतरावर. दोन वर्षं ती जागा तिच्या मनात होती. तिने ती कधी बघितली नव्हती, तरी ती तिला ओळखता येईल, गाडी आपोआप थांबेल, छाती फुटेल, असं काहीतरी होईल याची तिला भीती होती आणि त्या भीतीची सोबतही होती. आणि आता ती तिथून गेली होती, आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं. ती आरशात बघत होती. चादर स्वच्छ आहे का ते बघत होती.

ती वळली नाही. पाटीजवळच गाडी उभी करून बसून राहिली. तेवढ्यात समोरून, रस्त्याच्या टोकाला, लाल ढग उठला. तीन डब्यांचा मेंढ्यांचा ट्रक होता. असा ट्रक आला की सगळे कडेला थांबतात आणि धूळ बसेपर्यंत हलत नाहीत. तीही नीट कडेला झाली. ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला, मेंढ्यांचा वास, लोखंडाचा खणखणाट, ड्रायव्हरचं उचललेलं बोट. आणि मग काहीच उरलं नाही. रस्ता गेला, झुडपं गेली, बॉनेट गेलं. काचांच्या बाहेर सगळीकडे दाट तपकिरी अंधार, दिवसाढवळ्या, आणि आत ती, पंखा, आणि पांढरी पिशवी. असाच ट्रक होता. ब्रोडी त्याच्या मागून जात होता, टीगनकडे, आणि त्या धुळीतच तो ट्रकला मागे टाकायला निघाला, आणि समोरून पाण्याचा टँकर येत होता. त्याला इतकंच दिसलं असणार. हेच. यात बघण्यासारखं काही नव्हतंच. नेरिडाने काचेला नाक लावलं. आत हवा थंड होती, कोरडी, स्वच्छ. ब्रोडीला बंद खिडक्या सोसायच्या नाहीत. थंडीतही कोपर बाहेर.

तिने बटण दाबलं. काच खाली गेली, अर्धी, मग सगळी.

धूळ आवाज न करता आत आली. तोंडात आली, डोळ्यांत, बाहीत. पंखा घोंघावतच होता आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. तिला माहीत होतं की मागे काय आहे. ड्रेसला काही व्हावं असं तिच्या मनात होतं का? ते तिने नंतरही स्वतःला विचारलं, आणि हो म्हणवेना, आणि नाही म्हणायलाही जीभ उचलेना. त्या वेळी ती फक्त बसली होती, तोंड किंचित उघडं ठेवून, आणि दातांवर माती करकरत होती. मग खोकला आला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसतंच पाणी होतं. धूळ विरळ झाली. आधी बॉनेट परत आलं, मग पाटी, मग झुडपं. तिने काच वर केली आणि वळण घेतलं.

मरिंडीच्या अंगणात तंबूचे खांब रोवलेले होते आणि टीगनची आई ग्वेंडा हातात माशा मारायची जाळी घेऊन पायऱ्यांवरून धावत आली. "आलीस! कधीची वाट बघतोय. चहा ठेवलाय, स्कोन्स आहेत, लॅकीला मी शेडकडे हाकललंय, नवऱ्या मुलाने लग्नाआधी ड्रेस बघायचा नाही म्हणून. त्याला त्याचं काय पडलंय म्हणा, तो पंपाखालून बाहेर निघेल तर ना." बोलता बोलता ती गाडीपाशी आली आणि तिने काचेतून आत बघितलं. "अरे देवा. नेरिडा! हे आत सगळं... केल्विनने पट्टी लावली होती ना?"

"पट्टी चांगली आहे," नेरिडा म्हणाली. "मी खिडकी उघडली."

ग्वेंडाच्या मागे टीगन येऊन उभी होती, अनवाणी, केस ओले. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, चहा बघ जा."

"अगं पण ड्रेस..."

"चहा उकळतोय."

पट्ट्या टीगननेच काढल्या, एकेक, फाटू न देता. दार वर उघडलं. चादरीवर, पिशवीवर, सगळीकडे मऊ लाल थर होता, पिठाच्या गिरणीत असतो तसा सारखा. टीगनने पिशवी उचलली, व्हरांड्यात नेली, बाहेरूनच झटकली, आणि मग आत तिच्या खोलीत दोघींनी चेन उघडली. ड्रेस बाहेर आला. खालचा घेर स्वच्छ होता. बाह्या स्वच्छ होत्या. गळ्यापाशी, रुमाल होता तरी, आकड्याच्या बाजूने धूळ शिरली होती आणि आतल्या अस्तरावर बोटभर लाल डाग पडला होता. नेरिडाने ब्रश काढला. डाग पसरला. तिने ब्रश खाली ठेवला. "आतल्या बाजूला आहे," ती म्हणाली. "दिसणार नाही. पण आहे."

टीगनने आत बोट घालून बघितलं. "आमच्या घरात सगळ्यांच्या कॉलरला हे असतंच," ती म्हणाली. "नसतं तर लॅकीला वाटलं असतं, ही बाई कोण उभी आहे."

तिने ड्रेस चढवला. नेरिडा पाठीमागून गुंड्या लावू लागली, खालून वर. कमरेपाशी कापड जरा ताणलं आणि मग बसलं. आरशात टीगन तिच्याकडे बघत होती.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या फिटिंगला."

"आईला अजून नाही सांगितलं. शनिवारनंतर सांगेन. तू कोणाला..."

"टेप बोलत नाही." नेरिडाने पुढची गुंडी लावली. "शिवणीत माया आहे. शनिवारी तुला श्वास घेता येईल. नाचशील तरी चालेल."

टीगन हसली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "मला वाटलं तू रागावशील. खरं सांगू, रागावली असतीस तर बरं वाटलं असतं."

नेरिडाने राग शोधला. खरोखरच शोधला, कपाटात वरच्या फळीवर काही ठेवलंय का हाताने चाचपावं तसा. "यायला हवा होता," ती म्हणाली. "नाही आला. मला काही येतच नाही, टीगन. रस्त्यात ती जागा आली आणि गेली, मला कळलीसुद्धा नाही. मी आरशात बघत होते, चादर स्वच्छ आहे का म्हणून. मग ट्रक आला, आणि मी खिडकी उघडली. का उघडली, विचारू नकोस."

"नाही विचारत."

बाहेर कुठेतरी हातोड्याने खुंटी ठोकत होते. टीगन आरशातूनच म्हणाली, "मी आठवड्यातून दोनदा तिथून जाते. सामान आणायला, डॉक्टरकडे, लॅकीकडे जाताना. घर इथे आहे, दुसरा रस्ता नाही. लग्न ठरलं त्या दिवशीही तिथूनच परत आले."

हे नेरिडाच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ती आणि केल्विन दोन वर्षं त्या रस्त्याला गेले नव्हते, आणि गावात सगळे म्हणत, बिचारे आईबाप. ही पोरगी आठवड्यातून दोनदा, गाडीत किराणा घालून, तिथून जात होती. नेरिडाचे हात गुंडीवर थांबले. बोटांच्या टोकांना कापड लागत होतं, सुळसुळीत, गार. इतके महिने ते हातात होतं. ते गार आहे हे तिला आत्ता कळत होतं.

"दाखवशील मला?" ती म्हणाली.

"आत्ता?"

"चहा पिऊन."

चहा झाला. ग्वेंडाने स्कोन्सवर जॅम स्वतः लावून दिला आणि खिडकीबद्दल काही विचारलं नाही. फक्त निघताना तिने नेरिडाच्या शर्टाच्या खांद्यावरची माती झटकली, दोनदा, आणि म्हणाली, "केल्विनला सांग, त्याची खुर्ची पुढच्या ओळीत ठेवलीय. नाही आला तरी ती तिथेच राहील, कोणी बसणार नाही." नेरिडाने मान हलवली.

टीगन यूटमध्ये चढली, जुन्या जीन्समध्ये. एक कुत्रा उडी मारून तिच्या शेजारी बसला. "मी पुढे होते," ती खिडकीतून ओरडली. "माझ्या धुळीत येऊ नकोस हं, नेरिडा. बरीच मागे राहा. सगळं बसलं की मग नीघ." नेरिडा बरीच मागे राहिली. गाडीचं मागचं दार नुसतं लावलेलं होतं, पट्ट्यांशिवाय, पंखा बंद होता, आणि आत सगळीकडे माती उडत होती, चादर लाल होत होती, आणि ती आरशात बघत नव्हती. पुढे, खूप पुढे, यूट थांबली.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना खारी झुडपं, मध्ये मध्ये मुल्गा नावाची वाळकी झाडं, आणि वर ते मोठं, काहीच नसलेलं आकाश. वळण नव्हतं, चढ नव्हता, आठवणीसाठी कोणी रोवलेला क्रॉस नव्हता. कुत्रा खाली उतरून एका झुडपाकडे गेला. टीगन रस्त्याच्या कडेला उभी होती, दोन्ही हात जीन्सच्या मागच्या खिशात.

"इथे?" नेरिडाने विचारलं.

"इथे." टीगनने आजूबाजूला बघितलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "किंवा तिथे, ते वाकडं झाड आहे ना, त्याच्या अलीकडे. नेरिडा, मला नक्की माहीत नाही गं. मला पोलिसांनी दाखवलं तेव्हा मी डोळे उघडलेच नव्हते. जाताना मी दर वेळी श्वास धरते. आणि दर वेळी वेगळ्याच जागी."

"केल्विनला माहीत असेल."

"सांगेल तो?"

नेरिडाने विचार केला. "विचारून बघते," ती म्हणाली. "आज विचारते."

मग ती रस्ता सोडून झुडपांमधून त्या वाकड्या झाडाकडे चालत गेली. जमीन वरून कडक होती आणि टाच टेकली की खाली मऊ लागत होती. झाडापाशी काही नव्हतं. मुंग्यांचं वारूळ होतं, गाडीच्या टायरचा एक जुना तुकडा होता, तो कोणाचाही असेल. ती थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि मग आणखी थोडी पुढे गेली. मागून टीगनच्या बुटांचा आवाज येत होता. ती जवळ येत होती. नेरिडाने चाल जरा कमी केली.